शेवटच्या पानापासून मुंजाजी

पुस्तक कुठल्या बाजूनं उघडतात, असं कुणी मला विचारलं तर मी आजही चटकन उत्तर देत नाही. विचारणारा चमत्कारिक नजरेनं बघतो. बाईनं अख्खी हयात सरकारी नोकरीत काढली, आणि एवढं साधं सांगता येऊ नये? पण त्यानं ताडकळसचा मुंजाजी पाहिलेला नसतो. मी पाहिलाय. मारुतीच्या ओसरीवर माझ्यासमोर मांडी घालून बसलेला, लेकीला मांडीवर घेतलेला, आणि माझ्या पेटीतलं कोरं करकरीत पुस्तक बिनदिक्कत उलट्या बाजूनं उघडणारा.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमाराला मी ग्रामसेविका होऊन ताडकळसला आले. वय कोवळं, आवाज मोठा आणि डोक्यात सुधारणेचं वारं भरलेलं. बिनधुराची चूल, शोषखड्डा, लेकरांना देवी टोचणं, असला सगळा संसार गळ्यात होताच. त्यात एक पेटी आली. परभणीहून बैलगाडीत बसून आलेली, पत्रा मढवलेली भली थोरली लाकडी पेटी. वरच्या कप्प्यात लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, खाली भुशात निजवलेली लाकडी खेळणी. चाकांचा घोडा, सोंडेला रंग दिलेला हत्ती, भोवरे, ठोकळे, एक आगगाडीसुद्धा. बाजाराच्या दिवशी ओसरीवर पेटी उघडायची. ज्याला हवं त्यानं एखादं पुस्तक, एखादं खेळणं घरी न्यायचं आणि पुढल्या बाजाराला परत आणायचं. सगळं फुकट. काही काळ पेटी या गावात राहणार, मग पुढच्या गावाला जाणार.

मला वाटलं, झुंबड उडेल. उडाली, पण चार हात लांब. बाया पदर तोंडाला लावून उभ्या, लेकरं त्यांच्या मागून डोकावतायत, आणि हात लावायला कुणी पुढं येईना.

"न्या ना," मी म्हटलं. "सरकारनं तुमच्यासाठीच पाठवलंय."

"म्हणूनच तर भेव वाटायलंय," एक म्हातारी म्हणाली. "सरकारचं हाय. लेकरानं टराटरा फाडलं तर आमची म्हैस न्याल सोडून."

म्हशीचं नाव निघाल्याबरोबर होती ती गर्दीही पांगायला लागली. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात बाजाराच्या अंगानं एक उंच, काटकुळा माणूस येताना दिसला. खांद्यावर घोंगडं आणि मानेवर दोन्हीकडं पाय सोडून बसलेली चार-पाच वर्षांची मुलगी. तिनं त्याचं लाल मुंडासं दोन्ही मुठींनी लगामासारखं धरलं होतं आणि "हिकडं! हिकडं चल!" म्हणून ती त्याला हाकत होती. हाच मुंजाजी धनगर. आणि वर बसलेली ती त्याची राही.

त्यानं पेटीत वाकून बघितलं आणि एकदम मागं सरला. "किताबा हायेत?" मला त्यानं अशा आवाजात विचारलं, जणू पेटीत सोनंच आहे.

"आहेत. घ्या की."

तो तसाच वळला, राहीला खाली उतरवलं, देवळाच्या रांजणाशी गेला, हात कोपरापर्यंत धुतले, राहीचे धुतले, दोघांचे हात मुंडाशाच्या शेवाला पुसले. मग घोंगड्याची घडी करून मांडली, तिच्यावर पुस्तक ठेवलं, पुस्तकाला हात लावून डोळ्याला लावला. एवढा थाट मी आमच्या कचेरीतही पाहिला नव्हता. आणि एवढं सगळं झाल्यावर गड्यानं पुस्तक उघडलं ते शेवटून!

मी तोंड उघडलंच होतं. पण त्यानं त्या पानावर बोटानं टकटक केलं आणि कडी वाजवल्यासारखा पुकारा केला, "हाय का कुणी घरात?"

"हाय!" राही ओरडली.

"मंग येतो बग आत." आणि गोष्ट सुरू झाली.

पुस्तक तसं अगदी सरळसोट होतं. एक आजोबा खिशातून कोय काढतात, पुरतात, पाणी घालतात, रोप येतं, झाड होतं, आंबे लागतात आणि मुलं आंबे खातात. झाडं लावा, फळं खा. सरकारी पुस्तकात दुसरं काय असणार? मुंजाजीनं ते चित्रं बघत बघत असं सांगितलं:

"ही बग पोरं. आंबे खायलेत. लय खायलेत, पार हनुवटीवरून रस गळायलाय. हाय का कुणी घरात?"

"हाय!"

"आता काय झालं? अगं, पोरांनी आंबे समदे झाडाला परत लावले!"

"कामून लावले?"

"पोट दुखाय लागलं त्येंचं. हाय का कुणी घरात?"

"हाय! हाय!"

"आता झाड लहान व्हायलंय. लाजलंय जणू. आजून लहान. आजून लहान. आता निस्ती दोन पानं ऱ्हायली. आन् आता बग, ह्यो म्हातारा काय करायलाय? अगंगंगं! म्हाताऱ्यानं आख्खं झाड उकरून काढलं आन् खिशात घातलं!"

राहीनं अशी किंकाळी फोडली की बाजारातली माणसं वळून बघायला लागली. ती उठली, मुंजाजीच्या भोवती गरगर फिरली, त्याच्या बंडीचे खिसे उलटेपालटे करून बघायला लागली. "बा, आपुन बी झाड खिशात घालू! ह्यो लिंब घालू, देवळाम्होरचा!"

"घालू की. आदी खिसा मोठा शिवून घिऊ."

मी उघडलेलं तोंड मिटलं. तोवर म्हशीवाली म्हातारी चार हातांवरून दोन हातांवर आली होती. "बाई," ती म्हणाली, "ती झाडवाली किताब न्हाई का आजून येक? आमच्या नातवाला." बघता बघता पेटी निम्मी रिकामी झाली. त्या दिवशी मी खोलीवर गेले ती नाचतच.

मुंजाजीला मराठी वाचता येत नाही, हे मला नंतर समजलं. पण तो निरक्षर नव्हता, उलट चांगला शिकलेला होता. निजामाच्या राज्यात लहानपणी तो परभणीला एका वकिलाच्या बकऱ्या राखायचा. बकऱ्या शाळेच्या मैदानात चरायच्या, म्हणून वकिलानं याचंही नाव त्या शाळेत घालून टाकलं. बकऱ्या मैदानात, पोरगा वर्गात, दोघांचंही पोट भरत होतं. शाळा उर्दू, ओळी उजवीकडून वाचायच्या आणि पुस्तकंही आपल्या शेवटच्या बाजूनं उघडायची. मौलवीसाब मोठे मायेचे. मुंजाजी उर्दू असं घडाघडा वाचायचा की गावात कुणाच्याही दारी सरकारी कागद आला की तो आधी मुंजाजीकडे यायचा. "मुंजाजी, कागद बघ," म्हटलं की तो मेंढरं सोडून उठायचा, मुंडासं नीट करायचा आणि कागद उभ्यानंच वाचायचा. बसून वाचलं तर कागदाचा मान राहत नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याचा अर्थ मराठीत समजावून सांगायचा. गावात त्याला त्यामुळं चार माणसांत जागा होती.

मग राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली. कागद मराठीत यायला लागले. घरात बोलायची ती भाषा, जन्मापासून तोंडात असलेली, पण तिची अक्षरं मुंजाजीला पार परकी. लोक सवयीनं कागद घेऊन यायचे. तो कागदाकडं टक लावून बघायचा, मग दुमडून परत द्यायचा आणि म्हणायचा, "मेंढरं वाट बघायलीत." आणि निघून जायचा. हळूहळू कागद येणं बंद झालं. एका माणसाचं वाचन असं हुकूम निघून बंद पडावं, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि त्याच्यासमोर कुणी बोलत नसे. एका राहीला तेवढं ठाऊक नव्हतं. राहीच्या लेखी तिचा बा वाचणारा माणूस होता. पुस्तक हातात आहे आणि बा मुका बसलाय, असं लेकीला कधी दिसू नये, एवढीच त्याची धडपड होती. माझी पेटी आली तेव्हा त्याला पुन्हा वाचणारा व्हायला मिळालं, आणि त्या आनंदात त्यानं सगळं गाव ओढलं.

ओढलं म्हणजे काय, वेड लावलं. खेळण्यांचंच बघा. राहीनं चाकांचा घोडा नेला. पुढच्या बाजाराला मुंजाजी तो घेऊन आला तर घोड्याच्या चाकांत गवत, पाठीवर धूळ, पोटाला चिखल.

"हे काय हो?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"चरायला न्येला व्हता, बाईसाब. रोज. मेंढरासंगं." तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला.

"लाकडाचा घोडा?"

"जनावर हाय ना? दावणीला बांदून ठिवलं तर आखडतंय."

राहीनं पुढं होऊन खुलासा केला, "लय खाल्लं बाई त्येनं. पर पाणी न्हाई पेला. वड्याला न्येलं तर भ्याला."

घोडा मी पुसून घेतला. पेटीत ठेवायला गेले तर मुंजाजीनं हात आडवा केला आणि घोड्याशेजारी मूठभर हरभऱ्याचे घाटे ठेवले. आमच्याकडं शेजाऱ्याचं आणलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, त्यात काहीतरी घालून पाठवतात. मुंजाजीनं तोच रिवाज पेटीला लावला. पुस्तकाबरोबर बोरं, हत्तीबरोबर जोंधळ्याचं कणीस, आगगाडीच्या डब्यात शेंगा. त्याचं बघून सगळेच तसं करायला लागले. बाजाराच्या संध्याकाळी माझी पेटी भाजीवाल्याच्या पाटीसारखी दिसायची. परभणीच्या कचेरीतून एकदा विचारणा झाली की पुस्तकांना बोरांचे डाग कसे. मी कळवलं, गावकऱ्यांनी पुस्तकांना पाहुण्यासारखं वागवलं.

राहीची आई गयाबाई कधी ओसरीवर आली की कपाळाला हात लावायची. "बापलेकीला येड लागलंय बाई. मेंढरू लंगडत घरी आलं तर ह्येचं ध्यान न्हाई, आन् हत्तीची सोंड जरा हालायली तर बसलाय डिंक लावीत!" बोलायची फणकाऱ्यानं, पण गोष्ट संपेपर्यंत हलायची नाही.

आणि मग लांडग्याचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकानं कहरच केला. मुळात ती एका आळशी धनगराची गोष्ट. धनगर झाडाखाली झोपतो, लांडगा येतो, एक मेंढी नेतो. धनगर पुन्हा झोपतो, लांडगा दुसरी नेतो. असं करत कळप संपतो आणि शेवटच्या चित्रात धनगर डोक्याला हात लावून रिकाम्या माळावर बसलेला. आळसाचं फळ. मुंजाजीनं नेहमीप्रमाणं शेवटचं पान पहिलं उघडलं.

"ह्यो बग गडी. येकटाच बसलाय. मेंढरं न्हाईत, काय न्हाई. लय वंगाळ दिस आलेत. हाय का कुणी घरात?"

"हाय!" एव्हाना ओसरीवरची सगळी लेकरं ओरडायची.

"आता कोण आलं? लांडगा! आन् तोंडात काय हाय? मेंढरू! अरं, ह्यो तर आणून द्यायलाय!"

गोष्ट ऐकायला त्या दिवशी बाजाराला आलेले आजूबाजूचे धनगरही उभे होते. आयुष्यभर लांडग्याच्या मागं काठी घेऊन धावलेली माणसं ती. पानामागून पान उलटत गेलं आणि लांडगा एकेक मेंढरू परत आणून द्यायला लागला. एक आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येकाला मोठी माणसंसुद्धा "आलं! आलं रं!" म्हणून ओरडायला लागली. कुणी फेटा उडवला. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आसा लांडगा आमच्या रानात कामून न्हाई रं?" शेवटी कळप पुरा भरला आणि धनगर झाडाखाली निवांत झोपला. "आता झोपल न्हाई तर काय करल?" मुंजाजी म्हणाला. "समदी घरी आली की." त्या दिवसाइतका आनंद मी कुठल्याच सभेत पाहिला नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी ते लपवलं नाही.

त्या गोष्टीची मागणी प्रत्येक बाजाराला व्हायची.

जूनमध्ये राही शाळेत गेली. मुलगी तल्लख, आणि पुस्तकांची चटक लागलेली. दिवाळीच्या आतच अक्षरं जोडायला लागली. दिसेल ते वाचायची. गुळाच्या ढेपेवरचा शिक्का, एसटीवरची पाटी, देवळातल्या घंटेवरचं नाव. मला आनंद व्हायचा आणि आत कुठंतरी धास्तीही वाटायची, कारण पेटीतल्या पुस्तकांनाही अक्षरं होती.

थंडीत परभणीहून साहेब आले. पेटीचा गावाला काय उपयोग झाला ते बघायला. शाळेसमोरच्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या, सगळं गाव जमलं. पुढच्या रांगेत मुंजाजी, धुतलेलं मुंडासं बांधून. मास्तरांनी राहीला उभं केलं आणि तिच्या हातात लांडग्याचं पुस्तक दिलं. माणसं सरसावून बसली. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आता लांडगा मेंढरं आणणार म्हणून तोंडं उघडी ठेवूनच बसले होते लोक.

राहीनं पुस्तक उघडलं. डावीकडून. तिचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. एवढ्या माणसांसमोर तिला पहिल्यांदाच वाचायचं होतं, दुसरं काही त्या पोरीच्या मनात नव्हतं. बोट अक्षरांवर ठेवून तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"एक धनगर होता. तो फार आळशी होता."

माणसं चुळबुळली.

"लांडगा आला. त्याने एक मेंढी नेली."

"न्येली?" मागून कुणीतरी विचारलं.

"लांडगा पुन्हा आला. त्याने दुसरी मेंढी नेली."

आता मुंजाजी उठून उभा राहिला. "थांब राही," तो म्हणाला. मग साहेबांकडे वळला. "सायब, असं लिवलंय का त्यात?"

साहेब बरे गृहस्थ होते. हसून म्हणाले, "हो बाबा. असंच लिहिलंय. आळस करू नये, असा बोध आहे त्यात."

"लांडगा मेंढरू न्येतो हे आमाला ठाव हाय, सायब! त्येला किताब कशाला लागती? आन् धनगर आळशी? तुमी येक दिस या माज्यासंगं. ज्यानं लिवलं त्येला बी आणा!"

सतरंजीवर एकच हशा उसळला. धनगरांनी काठ्या आपटल्या. साहेबही मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "येतो, येतो." तिथंच थांबलं असतं तर तो दिवस मुंजाजीचाच होता. पण राहीला वाटलं, बाचं काहीतरी चुकतंय आणि आपण त्याला मदत करावी. ती पुढं आली, पुस्तक त्याच्यापुढं धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "बा, हे बग. अक्षरं हिकडून सुरू व्हत्यात. तू तिकडून बगतूस."

हसणाऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. मुंजाजीनं त्या ओळीकडं टक लावून पाहिलं. मग राहीच्या डोक्यावर हात ठेवला. "मेंढरं वाट बघायलीत," तो म्हणाला, आणि सतरंजीवरून वाट काढत निघून गेला. राही पुस्तक धरून तशीच उभी होती. बा का गेला, हे तिला समजेना.

त्यानंतर तो ओसरीवर आला नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला. गयाबाई आली ती या वेळी फणकाऱ्यात नव्हती. "मेंढरापशी बसतंय बाई. पोरगी किताब घिऊन जाती, वाच म्हणती. तर म्हणतो, तूच वाच, मला येत न्हाई. आसं म्हणलेलं म्या त्येला कवा ऐकलं न्हाई बगा."

राही मात्र येत होती. पुस्तक नेत होती, आणत होती. एकदा पुस्तक परत देताना म्हणाली, "बाई, सरळ वाचलं की लवकर सपतंय."

"मग दुसरं ने."

"ते बी सपंल." आणि पायानं माती उकरत उभी राहिली. ओसरीवर लेकरं यायची, पुस्तकं न्यायची, पण ओरडा होत नव्हता. बोरं आणणंही हळूहळू कमी झालं.

आणि उन्हाळा लागता लागता हुकूम आला. पेटी पुढच्या गावाला हलवायची. सामान मोजून, भुसा बदलून मी पेटी बांधली. सकाळी गाडी ओसरीपुढं लागली, गाडीवानानं आणि मी मिळून पेटी वर चढवली. बाजाराचाच दिवस होता. लेकरं गाडीभोवती जमली होती, घोड्याला शेवटचा हात लावू द्या म्हणून मागं लागली होती. राही एका बाजूला उभी होती. ती काहीच मागत नव्हती.

तेवढ्यात गलका झाला. बघते तर अख्ख्या बाजारातून मेंढरं! भाजीच्या दुकानांतून, गाडग्यांच्या मधून, मिरच्यांच्या ढिगाला वळसा घालून मेंढरंच मेंढरं, आणि त्यांच्या मागून काठी फिरवत, धापा टाकत मुंजाजी. दुकानदार शिव्या घालतायत, कुत्री भुंकतायत, आणि हा ओरडतोय, "थांबवा! गाडी थांबवा! पेटी जायली म्हणून कुणी सांगितलं न्हाई मला!"

तो गाडीपाशी आला तेव्हा त्याला बोलवत नव्हतं. मेंढरांनी गाडीला चहूबाजूंनी वेढा घातला होता, त्यामुळं गाडी जाणार तरी कुठं? श्वास जमल्यावर तो म्हणाला, "बाईसाब, येक किताब द्या. न बघितलेली. म्याबी बघितली नसल आन् राहीनं बी."

मी पेटी उघडली. तळाला एक पुस्तक होतं, त्याचं वेष्टण फाटलेलं म्हणून ते कुणी कधी नेलं नव्हतं. ते त्याच्या हातात दिलं. त्यानं हात मुंडाशाला पुसले, राहीला हाक मारली आणि देवळाच्या पायरीवर घोंगडं टाकलं.

"म्या लय इचार केला," तो म्हणाला. मला म्हणाला की राहीला, कोण जाणे. "राही म्हणती अक्षरं हिकडून. मौलवीसाब म्हणायचे तिकडून. दोगं बी खोटं बोलणारी न्हाईत. मंग म्हणलं, किताबीला दोन दारं हायेत. राही, तू तुज्या दारानं ये. म्या माज्या दारानं येतो. मदी भेटू."

राहीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं अशी उडी मारली की एक कोकरू बिचकून पळालं.

ती एक पान डावीकडून उघडायची आणि वाचायची. मग तो एक पान उजवीकडून उघडायचा आणि चित्र बघून सांगायचा. तिच्या गोष्टीत एका मुलीचं करडू हरवलं होतं आणि ती ते शोधायला घरातून निघाली होती. त्याच्या गोष्टीत ती मुलगी आणि करडू, दोघं मिळून घरातून फिरायला निघाली होती. "तिला शेत लागले," राही वाचायची. "आमाला बी शेत लागलं," मुंजाजी म्हणायचा, "पर आमी दोगं हाव, आमाला भ्या न्हाई!" बाजारातली माणसं टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून भोवती उभी राहिली. गयाबाई धावत आली. म्हशीवाली म्हातारी लेकरांना कोपरानं बाजूला सारत पुढं घुसली. कोण पुढं, कोण मागं, यावर माणसांत पैजा लागल्या. तिचं एक पान, त्याचं एक पान. पुस्तक दोन्हीकडून सरत आलं.

आणि शेवटी मधलं पान आलं. त्या पानावर नदी होती. एका काठावर मुलगी, दुसऱ्या काठावर करडू. राहीनं त्याच्यावर हात ठेवला. मुंजाजीनंही ठेवला.

"बा, हे माजं पान हाय. ती नदीपाशी आलीय."

"तुजं कसं? म्या आलो की पलीकडून! करडू माज्या अंगाला हाय!"

"अक्षरं हायेत त्याच्यावर!"

"मंग वाच अक्षरं. पर पार कोण करणार, ते म्या सांगणार!"

"न्हाई, म्या!"

"म्या!"

दोघंही खदाखदा हसत होती, भांडत होती, पान कुणी सोडेना. मंडळी दोन्ही बाजूंनी ओरडत होती. गाडीवान बैलांच्या शेपट्या पिरगाळत केव्हापासून करवादत होता, "बाई, ऊन चढायलंय. किताब घ्या अन् पेटीला कुलूप लावा. पल्ला लांब हाय."

मी त्याला म्हटलं, "बैल सोड."